आयोडिनची जाळी

जिन्यात पाऊल वाजलं तेव्हा मी मुरांब्यासाठी सफरचंदं चिरत बसले होते. एक पाऊल धप्प, दुसरं फट्ट. धप्प, फट्ट. आमच्या जिन्यात कोण चढतंय हे मला दार उघडून बघावं लागत नाही. चौथ्या मजल्यावर चाळीस वर्षं काढली की कानच उंबऱ्यावर जाऊन बसतात. खालची विधवा प्रत्येक वळणावर थांबून सुस्कारा टाकते, पोस्टमन शिट्टी वाजवतो, समोरचा प्यायलेला असला की कठड्याला अंगठी घासत येतो. पण हा आवाज यातला नव्हता. हा पस्तीस वर्षांत या जिन्यात वाजला नव्हता, आणि तरी दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आधीच माझ्या हातातली सुरी थांबली. गुडघा गरजेपेक्षा वर उचलायचा, टाच टेकवायची, आणि मग चवडा आपल्या मर्जीने खाली पडायचा, ओलं पोतेरं फरशीवर टाकावं तसा. तेव्हा हा आवाज लहान होता, चार-पाच वर्षांच्या पोराच्या रबरी बुटाचा. आता त्यात मोठ्या माणसाचं वजन होतं. मी मनात म्हटलं, तिसऱ्यावर थांबेल. थांबला नाही. मी म्हटलं, समोरच्याकडे असेल. बेल माझीच वाजली.

दारात चाळिशीचा माणूस उभा होता, कानटोपीवर बर्फ, छातीशी घोंगडीत गुंडाळलेली एक पोर. पोरीचे गाल तापाने लाल झालेले आणि श्वास घेताना तिच्या छातीतून शिट्टीसारखं काहीतरी वाजत होतं. मी आधी तो आवाज ऐकला, माणसाचा चेहरा नंतर पाहिला. इतक्या वर्षांची खोड आहे ती.

"बुरुल आपा ना? मी कुबात. अनारकानचा मुलगा. आम्ही इथेच खाली, दुसऱ्या मजल्यावर राहायचो. तुम्हाला आठवत नसेल."

"आठवतं," मी म्हटलं. "आत ये. दार लाव, पोरीला वारा लागतोय."

तो बूट काढायला वाकला. डाव्या बुटाचा चवडा झिजून आतलं कापड दिसत होतं आणि उजवा अगदी धड होता. बूट कसे झिजलेत हे बघून मला पायाची सगळी कहाणी सांगता येते. या बुटाची तर सांगायलाही नको होती. त्याने मुलीला माझ्या दिवाणावर निजवलं आणि खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. पावडरच्या सात बाटल्या, पातळ करायच्या औषधाच्या सात कुप्या, सुया, आणि डॉक्टरची चिठ्ठी. निमोनिया. रोज एक इंजेक्शन, सात दिवस. दवाखान्यात खाट नाही, टोचायला रोज नेऊन आणा म्हणाले. पण तिथे दोन दोन तास रांग आणि बाहेर वजा पंधरा.

"मागच्या आठवड्यातच आलो आम्ही तालासहून," तो म्हणाला. "बाजारात मोबाइल दुरुस्तीचा गाळा घेतलाय. आई हट्टच धरून बसली, बिश्केकमध्ये घर घ्यायचं तर बुरुलच्या जवळ. मी म्हटलं, अगं, ती असेल का तरी अजून? आई म्हणाली, असेल. आणि हिला, सेझिमला, काही झालं तर दुसरी कुणी सुई लावायची नाही. सगळ्या शहरात तिच्याइतका हलका हात कुणाचा नाही."

हलका हात. आमच्याकडे गोळी म्हणजे औषध नव्हे, ते डॉक्टरचं नुसतं बोलणं. औषध म्हणजे सुई. आणि सुई म्हटलं की पहिला प्रश्न, हात कुणाचा? कुणाचा हात जड असतो, कुणाचा गरम, कुणाचा हात लागला की आठ दिवस गाठ बसते. माझा हलका. लोक लग्नाच्या जेवणात माझ्या शेजारी येऊन बसत आणि कानात सांगत, आपा, उद्या सकाळी येऊ का? पैसे कुणी द्यायचे नाहीत, मी घ्यायची नाही. कोर्स संपला की गरम नान कापडात बांधून आणायचा, ही आमच्या जिन्याची रीत. निवृत्त झाल्यावरही बायका येतात, कुणाला कंबर, कुणाला बी-बाराची सुई. सगळ्यांना देते. एक सोडून. मुलांना मी टोचत नाही. अडतीस वर्षं टोचलेलं नाही. दवाखान्यातही मुलांच्या खोलीतून मोठ्यांच्या खोलीत बदली मागून घेतली होती. सगळे म्हणाले, बुरुल फार हळवी, स्वतःचं मूल नाही ना, तिला रडणं बघवत नाही. मी कुणाला खोडून काढलं नाही. आपल्याबद्दल लोकांनी केलेला चांगला गैरसमज किती सोयीचा असतो, ते मला विचारा.

"मी मुलांना टोचत नाही," मी म्हटलं.

त्याला ते थट्टेचं वाटलं. "मला तर टोचायचात. आई सांगते, मी रडायचोसुद्धा नाही. तुम्ही चापट मारायचात आणि मला वाटायचं नुसती चापटच मारली."

मी चहा ठेवते म्हणून आत गेले. गॅस पेटवला, किटली ठेवली आणि त्यात पाणी घालायचंच राहिलं. चापट. त्या चापटीवर तर माझं नाव झालं होतं. तेव्हा शहराचं नावही वेगळं होतं आणि आम्ही काचेच्या सिरिंजा स्टीलच्या डब्यात उकळायचो. सुयांना रोज सकाळी दगडावर धार लावायची, तरी दुपारपर्यंत त्या बोथट व्हायच्या. बोथट सुई हळू घातली तर माणूस किंचाळतो. म्हणून मी माझी युक्ती काढली होती. डाव्या हाताने चापट मारायची आणि त्याच क्षणी उजव्या हाताने सुई फेकायची, हो, फेकायचीच, वीतभर अंतरावरून. चापटीच्या झिणझिण्यांत सुई कळतच नसे. नर्सिंगच्या शाळेत आम्हाला वेगळं शिकवलं होतं. बोटाने मनातल्या मनात आडवी-उभी रेघ ओढा, चार भाग करा, वरचा-बाहेरचा चतकोर निवडा, कातडी ताणा, सुई सरळ नव्वद अंशांत घाला, दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघा, मग हळू औषध सोडा. मी पहिल्या वर्षी रेघा ओढल्या. दुसऱ्या वर्षी नजरेनेच ओढल्या. तिसऱ्या वर्षी ओढल्याच नाहीत. हात आपोआप जातो म्हणायची मी. आपोआप जाणाऱ्या हाताएवढं खोटारडं काही नसतं, पण ते कळायला वयाचं चौतिसावं वर्ष लागलं.

त्या दिवशी दवाखान्यात मुलांच्या खोलीच्या दारात दोन शिकाऊ मुली उभ्या होत्या. मोठ्या बाईंनी पाठवल्या होत्या, बुरुलचा हात बघून या म्हणून. असं कुणी बघायला आलं की माझी पाठ ताठ व्हायची. अनारकान कुबातला घेऊन आली, साडेतीन वर्षांचा, घसा सुजलेला. डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, पाण्यात विरघळवून द्या म्हणून. अनारकानने त्या डॉक्टरला परत केल्या आणि भांडून सुई लिहून घेतली. कुठली आई तेव्हा तसं करत नव्हती? गोळ्यांनी मूल बरं झालं असं आमच्या रस्त्यावर कुणी ऐकलंच नव्हतं. ती स्टुलावर बसली, पोराला मांडीवर पालथं घातलं, एक हात पाठीवर, एक हात दोन्ही पायांवर. मी म्हटलं, पाय नीट धर. तिने धरले. पोर वळवळलं, त्याची कंबर तिरकी झाली. मी ते बघितलं. बघितलं, हे मी स्वतःला अनेकदा विचारून पक्कं केलंय. एक क्षण थांबून सरळ करायला हवं होतं त्याला. पण दारात त्या दोन मुली होत्या, आणि थांबलेली बुरुल त्यांना दाखवायची नव्हती मला. चापट मारली. सुई फेकली. कंबर तिरकी, म्हणजे चतकोरही तिरका. माझ्या हाताने नेहमीची जागा घेतली आणि ती जागा त्या दिवशी तिथे नव्हती. पोर ओरडलं, आणि ओरडणं मधेच तुटलं, आणि डावा पाय असा झटकला की अनारकानच्या हातून सुटला. विजेचा धक्का बसल्यासारखा. मी औषध ढकललं. तेही सांगायला हवं. पाय झटकला ते मी पाहिलं होतं आणि तरी अंगठा थांबला नाही. शिकाऊ मुली म्हणाल्या, वा, एका झटक्यात.

तिसऱ्या दिवशी अनारकान माझ्याच दारात आली. तो चवडा उचलत नाही गं, ओढत चालतो. मी त्याला याच दिवाणावर, जिथे आता त्याची मुलगी होती तिथे, पालथा घातला. सुईची खूण दिसत होती, एक निळसर ठिपका, खाली आणि आतल्या बाजूला, जिथे ती असूच नये. आमच्याकडे सुईची गाठ झाली की कापूस काडीला गुंडाळून आयोडिनची जाळी काढतात, उभ्या-आडव्या रेघा, सोडवलेल्या गणितासारख्या. वर कोबीचं पान बांधतात. अनारकानने आयोडिन आणलंच होतं. ती म्हणाली, काढ ना जाळी. मी काढली. आणि मी ती ठिपक्यावर काढली नाही. वर काढली, बाहेर काढली, बरोबर चतकोरात, जिथे गाठ नव्हती, सुई नव्हती, काही नव्हतं. स्वच्छ कातडीवर मी पिवळी जाळी काढली, नीट, सरळ रेघांची. दहा दिवस रोज काढली. ठिपका पाच दिवसांत विरला. मग मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोराची चड्डी खाली केली, जाळी बघितली, आणि म्हणाले, इंजेक्शन तर योग्य जागी आहे, म्हणजे हे तापाचंच, मज्जेचा कुठला तरी विषाणू. मला कुणी काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, याचं उत्तर मी अडतीस वर्षं शोधते आहे. आणि मला खात्री आहे की मी खोटंच बोलले असते.

किटलीचा तळ जळाल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले. गॅस बंद केला. बाहेरच्या खोलीतून मुलीचा खोकला ऐकू आला, खोल, ओला. त्या खोकल्याला माझ्या पश्चात्तापाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला आज सुई हवी होती, आजच, आणि मी नाही म्हटलं तर हा तिला पुन्हा त्या थंडीत नेणार होता. मी हात पुढे करून बघितला. थरथरत नव्हता. मेला हात, बहात्तराव्या वर्षीही दगडासारखा स्थिर. थरथरला असता तर निदान सबब तरी मिळाली असती.

"आपा, चहा राहू दे," तो बाहेरच्या खोलीतूनच म्हणाला. "हिचं आधी बघा."

मी बाहेर आले. "तू मोबाइल उघडतोस ना? बारीक स्क्रू, बारीक तारा?"

"रोजचंच आहे."

"मग सुई तूच द्यायची. मी शिकवते. अवघड नाही."

"मी?" तो हसला. "आपा, चेष्टा करू नका. मला रक्त बघवत नाही."

"रक्त दिसलं तर सुई बाहेर काढायची आणि नवी घ्यायची. म्हणून तर बघायचं असतं. इकडे ये. हात धू. साबणाने, बोटांच्या बेचक्यात. मनगटापर्यंत. हां."

त्याने हात धुतले. मी कुपीची मान कापसात धरून मोडायला लावली, पातळ औषध बाटलीत सोडायला लावलं, बाटली हलवायची नाही, तळव्यांत फिरवायची. तो पटकन शिकला. असे हात मी आयुष्यात दोन-चारच पाहिले असतील. एक न चिरलेलं सफरचंद घेऊन मी त्यावर साधं पाणी भरलेल्या सिरिंजने दाखवलं. पेनसारखी धरायची. सरळ. जाईल तेवढी नाही, थोडी बाहेर ठेवायची. दट्ट्या मागे ओढ. काही आलं नाही? मग हळू सोड. घाई नाही, मनात दहा मोज. सफरचंदातून पाणी ठिबकलं. दुसऱ्या खेपेला त्याने माझ्यापेक्षाही सफाईने केलं. मी मुलीच्या अंगावरचं पांघरूण बाजूला केलं, तिची गुबगुबीत मांडी उघडी केली आणि बोटाने जागा दाखवली. "गुडघा इथे, खुबा इथे. मधला भाग. बाहेरच्या बाजूला. इथे चिमटीत धर."

"मांडीत?" तो थांबला. "आई म्हणाली, कुल्ल्यातच द्यायची असते. मला तिथेच द्यायचात ना?"

"तुला तिथेच दिलेली."

"मग हिला का नाही?"

मुलगी कूस बदलून माझ्याकडे बघत होती, तापाने चमकणारे डोळे. पुढचं मी फार धीराने बोलले असं नाही. मला इतकंच वाटलं की आता याला खोटं शिकवलं तर तो उद्या तिला तिथेच टोचेल, परवाही, आणि कधीतरी ही वळवळेल. तेवढ्यासाठी तरी.

"कारण तिथून पायाची मोठी नस जाते," मी म्हटलं. "लहान मुलांत ती कातडीच्या जवळच असते, मांस कमी असतं. मूल हललं आणि सुई खाली आतल्या बाजूला गेली, तर ती नसेला लागते."

"लागली तर काय होतं?"

"चवडा सुटतो. मग आयुष्यभर गुडघा वर उचलून चालावं लागतं, नाहीतर बोटं अडकतात. पाऊल फरशीवर आपटतं."

सिरिंज त्याच्या हातात तशीच होती, सुई वर, टोकाशी औषधाचा एक थेंब. तो थेंब पडला. मग त्याने खाली बघितलं, मुलीकडे नाही, स्वतःच्या मोज्यातल्या डाव्या पायाकडे.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"त्याच क्षणी. तू पाय झटकलास तेव्हा."

"डॉक्टर म्हणाले, विषाणू."

"डॉक्टरांना मी दुसरी जागा दाखवली. आयोडिनची जाळी काढली होती तुझ्या अंगावर. खरी जागा सोडून, वर."

त्याने मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये काय बिघडलंय ते कळल्यावर हलवावी तशी. मला वाटलं होतं तो ओरडेल. अडतीस वर्षं मी त्या ओरडण्याची तयारी केली होती, कधी आंघोळ करताना, कधी बाजारात कांदे निवडताना, आणि त्यावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. तो ओरडला नाही. "पाय कुणी धरले होते माझे?" असं त्याने विचारलं.

मी कापूस फाडत राहिले. त्यालाच आठवलं असेल, किंवा त्याला माहीतच असेल; आपल्याकडे मुलाचे पाय दुसरं कोण धरतं?

"आणि गोळ्या," तो म्हणाला. "आई नेहमी सांगते, डॉक्टर गोळ्या देत होता, मी ऐकलं नाही, सुईच घेतली, म्हणून माझा कुबात वाचला, नुसता पायावर निभावला. अख्ख्या गल्लीला सांगते. माझ्या लग्नात सांगितलंय तिने."

"कुबात..."

"तुम्ही हे आता का सांगितलंत, आपा? हिच्यासाठी, की तुम्हाला बरं वाटावं म्हणून?"

मी खरं सांगितलं. "दोन्ही."

"तुम्हाला बरं वाटतंय?"

"नाही."

"बरं." त्याने नवी सुई लावली. "आईला सांगायचं नाही. कळलं? कधीच नाही. तुम्ही मरताना जरी वाटलं, तरी नाही. तुमचं ओझं तुम्ही माझ्या अंगावर टाकलंत, ठीक आहे, तो पाय माझाच आहे. तिच्यावर नाही टाकायचं."

मग तो दिवाणाशी गुडघ्यावर बसला. मुलीच्या मांडीवर कापूस फिरवला, चिमूट धरली. त्याचा हात थरथरत होता, सफरचंदावर थरथरला नव्हता. मला त्याच्या मनगटाला हात लावावासा वाटला आणि मी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. तो थांबला. पूर्ण थांबला, हात स्थिर होईपर्यंत. मी साडेतीन वर्षांच्या त्याच्यासाठी जो एक क्षण थांबले नव्हते, तो क्षण त्याने माझ्या डोळ्यांसमोर घेतला. सुई सरळ गेली. मुलगी रडली, चांगलं मोठ्याने, न तुटता रडली. त्याने दट्ट्या ओढून बघितला, ओठ हलवत दहापर्यंत मोजलं, सुई काढली, कापूस दाबला. मग मुलीचा पाय हातात घेऊन तळव्याला गुदगुल्या केल्या. चवडा आत ओढला गेला, पाचही बोटं आक्रसली. त्याने पुन्हा केल्या. पुन्हा बोटं आक्रसली. तो चार वेळा ते बघत राहिला, आणि मीही.

त्यानंतर सहा दिवस तो रोज सकाळी आठला यायचा. घरी टोचलं तर अनारकानने विचारलं असतं, बुरुल का टोचत नाही, म्हणून माझ्याकडे. धप्प, फट्ट, चार मजले. मी पाणी गरम ठेवायची, टॉवेल, कापूस, स्पिरिट मांडून ठेवायची. तो आत यायचा, हात धुवायचा, एक दिवस उजवी मांडी, एक दिवस डावी, आणि निघून जायचा. माझ्याशी एक शब्द नाही. सलामही नाही, आमच्याकडे शत्रूच्या घरातही माणूस सलाम करतो. मला वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी संपेल. संपलं काहीच नाही, उलट रोज सकाळी आठला त्याची हजेरी लागू लागली. सेझिमला मात्र हे काही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला, चौथ्या दिवशी छातीतली शिट्टी थांबली, पाचव्या दिवशी तिने माझ्या टेबलावरची सफरचंदाची फोड उचलून तोंडात घातली आणि माझ्याकडे बघून हसली. तिचा बाप तिला टोचतो, म्हणून ती बापावर रुसायची आणि सुई झाली की हात पसरून माझ्याकडे यायची. मी तिला घेत नव्हते. सातव्या दिवशी ती इतकी रडली की त्यानेच, माझ्याकडे न बघता, तिला माझ्या कडेवर दिलं आणि बूट घालायला वाकला. तिने आपलं तोंड माझ्या मानेत खुपसलं. तिच्या केसांना दुधाचा आणि कोळशाच्या धुराचा वास येत होता, आणि मला वाटलं, एवढं तरी माझ्या वाट्याला यायला नको होतं.

आठव्या दिवशी आठ वाजले आणि जिना गप्प राहिला. मी कान देऊन बसले होते, उगीचच. दहाच्या सुमाराला पावलं वाजली, पण ती हळू, दर पायरीला दोन्ही पाय टेकवणारी. गुडघे गेलेल्या बाईची. दार उघडलं तर अनारकान. पस्तीस वर्षांनी, डोक्याला पांढरा रुमाल, तोंडात दोन सोन्याचे दात, हातात कापडात बांधलेला गरम नान. तिने तो माझ्या हातात कोंबला आणि मला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मला जिना दिसत होता. रिकामा.

"मेले, चौथा मजलाच मिळाला होता का तुला? जीव गेला चढताना. अगं, पोरगी अंगणात बर्फ खातीये! सात सुया आणि एक गाठ नाही, एक निळा डाग नाही. कुबातला म्हटलं, बघ, सांगत होते की नाही? तो म्हणाला, हो आई, हात आहे खरा त्यांचा."

"तो असं म्हणाला?"

"मग काय! एरवी तोंडातून शब्द काढत नाही मेला." ती दिवाणावर बसली, रुमालाने घाम पुसला, आणि पिशवीतून एक कुपी काढली. "आता माझं बघ. बी-बारा लिहून दिलंय, गुडघ्यांसाठी. मुलाला नाही सांगितलं, तो म्हणतो गोळ्या घे. गोळ्यांनी काय होतंय? गोळ्या घेतल्या असत्या तर हा तरी हाताला लागला असता का?"

ती हसत हसत पालथी झाली, त्याच दिवाणावर, आणि घागरा खाली सरकवला. मी हात धुतले. कुपी मोडली, औषध ओढलं, हवा काढली. मग आयोडिनची बाटली उघडली, काडीला कापूस गुंडाळला, आणि तिच्या कातडीवर एक उभी रेघ ओढली, मग एक आडवी. चार चतकोर. हाताला त्या रेघांची सवय राहिली नव्हती, आडवी जरा वाकडी आली.

"काय गं हे, गार गार? काय गिरवतेस?"

"जागा बघतेय."

"अगो बाई," तिने उशीत तोंड घालून हसून विचारलं, "इतकी वर्षं कधी बघितली नाहीस ती?"

मी वरच्या-बाहेरच्या चतकोराची कातडी ताणली. चापट मारली नाही. हात स्थिर आहे हे माहीत असूनही थांबले, मग सुई सरळ घातली, दट्ट्या मागे ओढला, आणि दहापर्यंत मोजत औषध सोडलं. अनारकान कण्हली.

"आज जड लागला गं तुझा हात, बुरुल."

"हो," मी म्हटलं, आणि कापूस दाबून धरला.